पॉम्पेईला जायच्या आधी नाणेघाट

मागच्या भागाच्या शेवटी मी सहज बोलून गेले होते की येत्या ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन इटलीला जायचं घाटतंय. त्यावर इतके प्रश्न आले की म्हटलं, आज तेच बोलू. तयारी कशी चाललीय, काय चुकलं, आणि सुरुवात मुरबाडपासून का केली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. वय ६८. मुरबाडला राहते, मी शहापूरला. टीव्हीवर एकदा तिनं पॉम्पेई पाहिलं, राखेखाली गाडलं गेलेलं शहर, त्यातल्या गल्ल्या, बेकरीतली जाती. तेव्हापासून तिनं एकच धरलं, "मला हे बघायचंय." पैसे तिचेच, निवृत्तीचे. म्हणजे उधळून चालणार नाही, आणि तिथं जाऊन हॉटेलात पाय धरून बसायची वेळ आली तर तेही चालणार नाही. खरी अडचण तिचे गुडघे.

पॉम्पेईच्या रस्त्यांचे फोटो नीट बघा. मोठमोठे काळे दगड बसवलेत, ज्वालामुखीचेच. मधे गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, आणि रस्ता ओलांडायला उंच ठोकळे. सपाट असं फारसं नाही. म्हटलं, आपल्याकडे अशी परीक्षा कुठे घेता येईल? दगड तसाच, जुना, झिजलेला. उत्तर घराजवळच होतं. टोकावड्याच्या आसपासच्या शाळांवर आईची निम्मी नोकरी झाली, रोज समोर नाणेघाट, नानाचा अंगठा, आणि ती एकदाही वर गेलेली नव्हती!

तर जानेवारीत गेलो. मी शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत महामार्गाला लागले, आईला मुरबाडहून आधीच आणून घेतलं होतं. टोकावडं सोडलं की पुढे वैशाखरे, आणि त्याच्या पुढे रस्त्यालगतच वाट सुरू होते. गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून घेतला. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला इथं जत्रा भरते, तेव्हा म्हातारं माणूस घेऊन मुळीच जाऊ नका. वाट निसरडी असते. थंडीत, पहाटे निघायचं.

चालत्या माणसाला दोन-अडीच तास लागतात. आम्हाला चार लागले. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पाण्याची टाकी आहेत. आई प्रत्येक टाक्यापाशी बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अगं, ही टाकी माझ्यासारख्यांसाठीच खोदलीत." आणि ते खरंच आहे की! ही वाट हौसेची नव्हती, व्यापाराची होती. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल घाट चढून जुन्नरला, तिथून पैठण, तेर.

वर लेणं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. सातवाहनांची राणी नागनिका, तिनं केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, हजारांनी कार्षापण नाणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही याच भिंतीवर आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या, आता नावं आणि पायांचे अवशेष उरलेत. आणि माथ्यावर तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, यात रोम कुठे आलं? तेच सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री वाटांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते. त्यात आपलं कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आणि तेरही आहे. तो लिहितो, कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पण आता तिथं चुकून ग्रीक जहाज आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे बंदरांची भांडणं तेव्हाही होतीच. तिकडून दारू, तांबं, पोवळी येत, इकडून कापड, मिरी, अकीक जाई. घाट चढून पलीकडे जुन्नरला जा, तिथल्या लेण्यांत इरिल, चिट, चंद अशा यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. हे यवन नेमके कुठले, यावर अभ्यासक वाद घालतात, पण बाहेरून आलेली माणसं इथं रुजली होती एवढं दिसतंच.

आणि दुसऱ्या टोकाला पॉम्पेई. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली, साधारण वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. बनावट सरळसरळ आपल्याकडची. 'पॉम्पेईची लक्ष्मी' असं नाव पडलं, आज बरेच जण तिला यक्षी म्हणतात. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला सापडलीय, तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की ती दख्खनमधूनच गेली असावी. ती नाणेघाटानंच उतरली असं कुणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण आईला मी हे रांजणापाशी बसून सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग ती तिकडे कुठे ठेवलीय?"

तिथंच माझा आराखडा फसला, मंडळी. मी पॉम्पेईचा दिवस धरला होता, ती मूर्ती पॉम्पेईत नाहीच. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तिथल्या 'गुप्त दालनात'. आणि मी नेपल्स धरलं होतं मंगळवारी, संग्रहालय मंगळवारी बंद! हे आधी कळलं म्हणून बरं. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करायचा की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तोच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात मेला. त्याच्या तक्रारीतलाच एक ऐवज मंगळवारमुळे हुकला असता.

उतरताना मात्र आईचे हाल झाले. चढण जमते, उतार गुडघे खातो. दुसऱ्या दिवशी सूज, चार दिवस शेक. मग मी सगळं नव्यानं मांडलं. रोमचे चार दिवस होते, ते दोन केले. कोलोसियम बाहेरून आणि आतून एकदा, टेकडीवरचे अवशेष रद्द. पॉम्पेईत 'सर्वांसाठी' म्हणून चढउतार टाळणारा साडेतीनेक किलोमीटरचा मार्ग केलाय, त्याचं प्रवेशद्वार अँफिथिएटरच्या बाजूचं. आम्ही तिथूनच शिरणार, सकाळी उघडताच, आणि दुपारी बाहेर. नेपल्सला दोन मुक्काम, बुधवार अख्खा संग्रहालयाला. नेपल्सहून पॉम्पेईला लोकल जाते, पाऊण तासाच्या आत. आईला कसारा लोकलची सवय आहे, तिची मला काळजी नाही.

कागदांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पॉम्पेईच्या तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, तेव्हा तिकीट आधी काढा आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच घाला. आमच्याकडे पेन्शनच्या कागदावर आईचं नाव एक, बँकेत इंग्रजी स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर तिसरंच. ते निस्तरायलाच दीड महिना गेला. घरात कुणाचं असं असेल तर आजच बघा.

आई सध्या रोज संध्याकाळी मुरबाडच्या रस्त्यानं तासभर चालते, हातात काठी. काठी विमानात नेऊ देतात का, हे तिनं मला आतापर्यंत तीनदा विचारलंय. नागनिकेच्या लेखाचा मराठी अर्थ तिनं वहीत उतरवून घेतलाय, ती वही बरोबर येणार आहे. आणि परत आल्यावर तेरला जायचं, हेही ठरलंय. तिथं रस्ता सपाट आहे.