गिटारीला रंगाचा हात



विजेच्या गिटारीला घरच्या घरी, डब्यातल्या फवाऱ्याने रंग कसा द्यावा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले होते. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही हा उद्योग आमच्या भाच्यासाठी आरंभला आणि त्यात आमची जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

भाच्याची गिटार पांढरी, पण वापराने पिवळट पडलेली. तिला काळा रंग हवा होता. शिवाय कारखान्यातला जाड थर लाकडाचा आवाज कोंडतो, म्हणून तो मुळापासून खरवडावा, असा त्याचा आग्रह. हा समज बराच जुना आहे. १९६८ साली बीटल्सपैकी जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी आपापल्या एपिफोन कसिनो गिटारींचे वार्निश काढून टाकले, आणि तसे केल्याने वाद्य अधिक चांगले बोलते असे हॅरिसन म्हणत. पण कसिनो आतून पोकळ! आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचेच पाहा. तारेचा नाद घोडीवरून तबलीत उतरतो, आतल्या पोकळीत घुमतो. तिथे लाखेच्या पॉलिशाचा थर पातळ हवा असे कारागिराने म्हटले तर ते पटण्याजोगे आहे. भाच्याच्या गिटारीचे धड म्हणजे निव्वळ भरीव फळी. पोलादी तारेखाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे; तार हलली की वेटोळ्यात वीज उठते आणि तिचाच पुढे आवाज होतो. या व्यवहारात रंगाचा वाटा कानाला कळेल इतका नाही, असे आमचे मत आहे. रंग डोळ्यासाठी आणि हातासाठी.

तसे नसते तर कॅलिफोर्नियातल्या फेंडर कारखान्याने मोटारीचे रंग गिटारींना फासले नसते. त्यांचा ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या थंडरबर्ड गाडीवरचा, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकवरचा. दोन्ही ड्यूपॉन्ट कंपनीचे. अशा जुन्या गिटारीला मूळ रंग असेल तर तिला हात लावू नये. रंग कितीही उडालेला असो, तो गेला की तिची किंमत पुष्कळ उतरते. भाच्याच्या गिटारीला तसला कुळाचा अभिमान नव्हता.

तरीही आम्ही खरवडले, आणि इथेच चुकलो. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो ३२० नंबरच्या पॉलिश पेपराने खरखरीत करून त्यावरच नवा रंग देता येतो. आमचा थर पॉलिएस्टरचा. रंग उतरवण्याच्या औषधाने तो ढिम्म हलला नाही. मग गरम हवा देऊन सोलला आणि उरलेला घासला. तोही लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून नव्हे, तर बोटांनी. बोटे मऊ जागी खोल जातात. धडाच्या वरच्या शिंगाची कड बोथट झाली. रंग पुन्हा देता येतो, लाकूड पुन्हा देता येत नाही.

पुढची रीत थोडक्यात अशी. दांडा, तारा, यंत्रे सगळे उतरवावे. दांडा जिथे बसतो त्या खाचेत चिकटपट्टी लावावी, नाहीतर रंग साचून दांडा बसत नाही. महोगनी किंवा अ‍ॅशसारख्या उघड्या रेषांच्या लाकडाला लांबी भरावी लागते, आल्डरला क्वचितच. मग अस्तर. रंगाचा डबा कोमट पाण्यात (विस्तवावर नव्हे!) धरून घ्यावा, हातभर नसला तरी वीतभराहून दूर ठेवावा, फवारा धडाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. हात पातळ द्यावेत. ओघळ येतो तो नेहमी शेवटच्या, ‘आता एकदाच’ म्हणून दिलेल्या हाताने. लॅकर वापरत असाल तर त्यातला थिनर खालचा हात किंचित विरघळवतो आणि थर एकजीव होतात. पण खाली एनॅमल असेल तर तेच सुरकुतते. म्हणून आधी फळीच्या तुकड्यावर करून पाहावे.

वाफा विषारी आणि पेटणाऱ्या. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. रासायनिक वाफा अडवणारा मुखवटा हवा आणि मोकळी हवा हवी. दोन द्रव्ये एकत्र करून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते. ते फुप्फुसाला कायमचे बाधू शकते. तो रंग घरात नकोच.

आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा पहिली सर नुकतीच पडून गेली होती. भाचा म्हणाला, “मामा, ऊन पडलंय, उरकून टाकू.” वरचा पारदर्शक हात दिला आणि पाहता पाहता काळ्या धडावर आरशावर श्वास सोडावा तशी पांढरी साय धरली. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि लॅकरमध्ये अडकते. भाचा बिचारा रडकुंडीला आला. चार दिवस काही न करता थांबलो. कोरडा दिवस पाहून धुक्यासारखा पातळ हात दिला आणि साय विरली.

त्याचे समाधान करायला आम्ही एडी व्हॅन हॅलनची कथा सांगितली. सत्तरच्या दशकात या वादकाने ५० डॉलरचे सदोष धड आणि ८० डॉलरचा दांडा आणून गिटार जोडली. धड काळे केले, पट्ट्या चिकटवल्या, वर पांढरा रंग मारून पट्ट्या सोलल्या. १९७९ साली त्यावर श्विन कंपनीचा सायकलीचा लाल रंग चढवला. ते ओबडधोबड वाद्य २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रदर्शनात मांडले गेले.

कथेचा परिणाम नको तितका झाला. लॅकर वाळायला तीन-चार आठवडे द्यावेत, मग ओल्या पेपराने, १००० पासून २००० नंबरापर्यंत घासून चकाकी आणावी, हे बजावले असताना भाच्याने नवव्या दिवशी तारा चढवल्या. दांड्याजवळ त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. महिन्यानंतर आम्ही पेपर भिजवून तो घासायला बसलो, तर म्हणाला, “राहू दे, मामा.” आणि गिटार आमच्या मांडीवरून उचलून घेऊन गेला.