नत्र, स्फुरद आणि केळीचा दस्तऐवज



मृगबागेची लावण आटोपताच ज्या गावात घरोघरी नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या हिशेबाची वही उघडली जाते, त्या रावेर गावात विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद लाभावे ही मला अत्यंत आनंदाची गोष्ट वाटते; कारण डीएनए नामक ज्या द्रव्याला आपण आजवर दूरच्या प्रयोगशाळेतील गूढ वस्तू मानीत आलो, त्याचा कच्चा माल आपल्याच वहीत, आपल्याच हस्ताक्षरात, नोंदलेला आहे.

या द्रव्याच्या प्रत्येक घटकात तीन वस्तू जडलेल्या असतात: डीऑक्सिरायबोज नावाची शर्करा, फॉस्फेट आणि एक नत्रयुक्त आधारक. शर्करेची घडण पानाने उन्हात साधलेल्या साखरेपासून होते. फॉस्फेट म्हणजे आपण खोडाच्या बुडाशी घातलेले स्फुरद. आणि आधारकातील नत्र शेणखतातून वा युरियातून मुळांवाटे वर चढलेले. पालाश घड पोसते, परंतु या घटकांत त्याला जागा नाही. शर्करा आणि फॉस्फेट आळीपाळीने गुंफले जाऊन डीएनएच्या दोरीचा धागा होतो, आणि त्याला ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे चार आधारक लागलेले असतात. त्यांपैकी ग्वानीनचे नाव ग्वानो या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवरून पडले, आणि ग्वानो हे एके काळी मोठे मोलाचे खतच होते, हे शेतकऱ्यांच्या सभेत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ॲडेनीन जितके तितकेच थायमीन, ग्वानीन जितके तितकेच सायटोसीन, असा जमाखर्चाचा मेळ एर्विन चारगाफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवला, आणि १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी दोन धाग्यांचा पीळ मांडून त्या मेळाचे कारण उलगडले.

या आधारकांचा क्रम हाच झाडाचा मजकूर, आणि केळीच्या रानटी पूर्वजाच्या एका वाणाचा हा मजकूर २०१२ साली वाचला गेला. अकरा गुणसूत्रांच्या एका संचात आधारकांच्या सुमारे ५२ कोटी जोड्या. आपल्या ग्रँड नैन केळीत असे तीन संच असल्यामुळे तिला बी धरत नाही, आणि म्हणून जळगावच्या जैन उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेतून आलेले ऊतिसंवर्धित रोप काय किंवा वडिलांच्या काळी बसराई वाणाचा उकरून लावलेला कंद काय, दोन्ही मूळ झाडाच्या दस्तऐवजाच्या नकलाच होत. पीक एकसारखे, घड एकाच वेळी कापणीला, हा त्याचा लाभ. परंतु एका झाडाची उणीव तीच साऱ्या शेताची उणीव, हा त्याचा धोका, आणि हरण्या रोग ज्यांच्या बागेत शिरला त्यांना तो मी काय सांगावा? या रोगाच्या ज्या विषाणूला मावा पानोपानी नेतो, त्याचा मजकूर डीएनएत नसून आरएनएत असतो. आरएनएच्या शर्करेत एक ऑक्सिजन अधिक आणि थायमीनच्या जागी युरॅसील, फरक एवढाच. स्वतःच्या नकलांना लागणारे नत्र आणि स्फुरद मात्र विषाणू झाडाच्याच खात्यातून उचलतो. पानावरचे ते पिवळे पट्टे पाहिले, की आपण उधारीने आणलेले खत परक्याच्या दस्तऐवजापायी खर्ची पडत आहे, या विचाराने माझा जीव कळवळतो. आणि रोगट झाड तत्काळ उपटून पुरावे, बागेत काकडी-भोपळा लावू नये, हे सांगताना माझा स्वर चढला, तर तो त्या कळवळ्याने चढला असे समजावे.

सायंकाळी मंडपाच्या उजव्या बाजूस शाळेची मुले पिकलेले केळे मीठ आणि साबणाच्या पाण्यात कुस्करून फडक्यातून गाळतील, आणि त्यावर गार केलेले स्पिरिट पेल्याच्या कडेने हळूच सोडतील. दोन थरांच्या सीमेवरून कापसाच्या पेळूसारखे डीएनएचे पांढरे तंतू वर चढू लागले, की प्रत्येकाने पुढे होऊन ते काडीवर गुंडाळून पाहावे.