जत्रेतील चाकरी आणि आपली देणगी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



 आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेले. त्यामुळे आमच्या बोलण्यास शाळेचा वास आल्यास आपण तो गोड मानून घ्यावा. विषय आहे आपल्या दक्षिण कोकणातील ग्रामदेवतांची मंदिरे व त्यांचे वार्षिक उत्सव. आपणांपैकी बहुतेकांस हा विषय ठाऊकच आहे. परंतु ठाऊक असलेल्या गोष्टीचाच आपल्याला कसा विसर पडतो, हेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या भागातील देऊळ हे एकट्या देवाचे घर नसते. रामेश्वर, रवळनाथ, सातेरी, माउली, भूमिका, पावणाई, वेताळ अशा देवतांचा एक मेळाच गावात नांदतो. सातेरीचे तर रूपही आगळे. कित्येक ठिकाणी ती वारुळाच्या रूपानेच पुजली जाते. ज्या मातीवर गाव वसला त्या मातीलाच आपल्या पूर्वजांनी आई म्हटले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचे वा कौलांचे उतरते छप्पर, सभामंडपाचे लाकडी खांब, समोर दीपमाळ व तुळशीवृंदावन, असे हे आपले साधे देऊळ. येथे घाटावरच्या हेमाडपंती मंदिरांसारखे कोरीव दगडकाम क्वचितच आढळेल. आपल्या देवळाचे वैभव दगडात नसून वर्षभर तेथे चालणाऱ्या राबत्यात आहे.

श्रावणात भजनी सप्ताह बसतो. सात दिवस व सात रात्री भजन खंडू द्यावयाचे नाही, म्हणून प्रत्येक वाडीस पहारा नेमून दिलेला असतो. पाऊस कितीही कोसळो, रात्री दोनचा पहारा ज्या वाडीचा, ती वाडी कंदील घेऊन हजर. दसऱ्यास तरंगे निघतात. लुगडी नेसविलेली ती उंच देवकाठी खांद्यावर पेलणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळ उजळते आणि तेथून गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. फाल्गुनात होळीचा मांड भरतो, रोंबाट निघते आणि वर्षाचे चाक पुन्हा फिरू लागते.

जत्रांचे नियमही गावागणिक निराळे. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणाची म्हणून प्रसिद्ध आहे. कुणकेश्वरी महाशिवरात्रीस समुद्रकाठी यात्रा भरते व गावोगावचे देव तेथे तीर्थस्नानास जातात. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला तिथीच बांधलेली नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि मग मुंबईचा चाकरमानी रजेचा अर्ज करतो. तरीही लाखो माणसे तेथे लोटतात. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि आता त्या जत्रेसाठी जादा गाड्या सोडाव्या लागतात. आपल्या गावची जत्रा रविवारी घ्यावी, अशी सूचना आपल्यातील काही तरुणांनी केली आहे. त्यांना आम्ही एवढेच म्हणतो की, देवीने दिवस ठरवावा आणि माणसाने सवड काढावी, हा क्रम आंगणेवाडीने अद्याप उलटा केलेला नाही.

आता आपल्या जत्रेच्या रात्रीकडे वळू. तिन्हीसांजेपासून सुवासिनी ओटी भरण्यास रांगेत उभ्या राहतात. बाहेर खाजे-लाडवांची, खेळण्यांची व बांगड्यांची दुकाने मांडलेली असतात. घाडी गाऱ्हाणे घालतो. रात्र चढल्यावर ढोल-ताशांच्या गजरात पालखी उठते व देवळास प्रदक्षिणा घालते. त्यानंतर दशावतार उभा राहतो. गणपती, रिद्धिसिद्धी, मोरावरची सरस्वती, पोरांना हसवणारा व घाबरवणारा संकासूर, आणि मग रात्रभर रंगणारे आख्यान. एक बाकडे हेच सिंहासन आणि तोच कैलास. साथीला पखवाज, पायपेटी व झांज. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. नट आपल्या पुराणज्ञानावर ते जागच्या जागी रचतो. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते आणि रात्रीचा राजा डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावची वाट धरतो. आता पेटारा टेंपोतून जातो, इतकाच काय तो फरक.

ही एक रात्र उभी राहावी म्हणून किती हात राबतात, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? गुरवाने पूजा करावी, कुंभाराने पणत्या द्याव्यात, सुताराने पालखीचा दांडा पाहावा, परिटाने पायघड्या घालाव्यात, वाजंत्र्याने ढोल सांभाळावा, कोणी तेल द्यावे, कोणी केळीचे खांब आणावेत. यासच आपण गावऱ्हाटी म्हणतो. या प्रत्येक कामास आपल्याकडे 'मान' हा शब्द आहे. किती सुंदर शब्द! पूर्वजांनी चाकरीलाच मान म्हटले. चाकरी सोडून उरणारा मान त्यांस ठाऊक नव्हता.

अर्थात जुने ते सारेच सोने होते, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. याच देवळांच्या चाकरीत भाविणी म्हणून मुली वाहिल्या जात. त्या प्रथेस मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने बंदी आली आणि ती आली हे योग्यच झाले. ज्यांच्या हातचा ढोल चाले, त्यांचे पाऊल मात्र देवळाच्या पायरीवर चालत नसे. तेव्हा आपला भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याच रत्नागिरीत १९३१ साली सर्वांस खुले असे पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर व सावरकर यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. १९४७ साली आमच्याच शिक्षकी पेशातील साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तो काळ आम्ही पाहिला नाही, परंतु वडिलांच्या तोंडून ऐकला आहे. कायद्याने पायरी खुली झाली. मन खुले होण्यास किती वर्षे लागली, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता आम्ही घरची एक गोष्ट सांगणार आहो. ती आम्हांस भूषणावह नाही.

आपल्या गावी पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे, हे आपण जाणता. मंडळाच्या मागील स्मरणिकांतून त्याचा अभिमानाने उल्लेखही झालेला आहे. आमचे वडील ती दिवटी धरीत. जत्रेच्या आदल्या दिवशी ते जुन्या धोतराच्या चिंध्या फाडीत, त्यांस घट्ट पीळ देऊन रात्रभर तेलात भिजत ठेवीत. आम्ही तेव्हा लहान होतो. बुधलीतून तेल घालण्याचे काम आमच्याकडे असे. वडील दिवटी वाऱ्याच्या उलट अंगास किंचित कलती धरीत. तशी का धरतात, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही. विचारावयास पुष्कळ वर्षे आहेत, असे मुलांस वाटतच असते.

पुढे आमची नेमणूक घाटावर झाली. वडील थकले व निवर्तले. जत्रा मार्गशीर्षात, शाळा चालू, रजा मिळणे कठीण. आम्ही देवस्थानास मनीऑर्डर पाठवू लागलो. पहिल्या वर्षी पंचवीस रुपये, मग पन्नास, मग शंभर. दर वर्षी पावती येई आणि ती आम्ही एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवू. अशा एकवीस पावत्या जमल्या. प्रत्येक पावती हाती आली की, यंदाचीही चाकरी झाली, असे आम्हांस समाधान वाटे. दिवटी प्रत्यक्षात कोण धरतो, हा प्रश्न आमच्या मनात त्या एकवीस वर्षांत एकदाही आला नाही.

सेवानिवृत्त होऊन आम्ही गावी परतलो. जत्रेच्या रात्री मानकऱ्याने पुकारा केला. एका वृद्ध गृहस्थाने पेटलेली दिवटी आणून आमच्या हाती दिली व स्वतः मागे सरला. आम्ही मोठ्या ऐटीत पुढे झालो. देवळाच्या मागील बाजूस वळताच खाडीकडून वाऱ्याची झुळूक आली. दिवटी फडफडली, जळती चिंधी सुटून खाली पडली आणि काळोख झाला. पालखी थांबली. ढोल थांबले. शेकडो माणसे आमच्याकडे पाहत होती. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारणारा हा मास्तर त्या प्रश्नापुढे निरुत्तर उभा होता.

तो वृद्ध गृहस्थ पुढे आला. त्याने चिंधी उचलली, पुन्हा पीळ दिला, तेल घातले, पेटविली आणि कलती धरून चालू लागला. पालखी हलली. जाता जाता तो हळूच एवढेच म्हणाला, "गुरुजी, पीळ सैल रवलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडिलांनी अखेरच्या वर्षी त्यास चिंध्या कशा पिळाव्यात ते दाखविले होते आणि "माझा मुलगा येईपर्यंत सांभाळ" असे सांगितले होते. त्याने सांभाळले. एक वर्षही चुकविले नाही. त्याबद्दल कोणाकडे एक पैसा मागितला नाही व कोणत्याही स्मरणिकेत त्याचे नाव आले नाही. आणि ज्ञातिबांधवहो, त्याच्या आजोबांना आपल्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. ज्यास आपण बाहेर उभे केले, त्याच्याच नातवाने आपला दिवा एकवीस वर्षे विझू दिला नाही.

ही कथा आज सांगण्यास कारण आहे. देवळाच्या जीर्णोद्धारानंतर सभामंडपात एक संगमरवरी शिळा बसवावी, तीवर आपल्या देणगीदारांची नावे कोरावीत आणि 'दिवटीचा मान परंपरेने आमच्या ज्ञातीचा' असा लेख घालावा, असा ठराव आपल्या मंडळापुढे आला आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू आमच्या घराण्याचा गौरव करण्याचाच आहे, हे आम्ही जाणतो. त्यांचे आम्ही आभार मानतो आणि त्यांस नम्रपणे विनंती करतो की, ही ओळ त्यांनी ठरावातून काढून टाकावी.

आमच्या वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याने लिहिलेल्या वहीवर आपले नाव घालून ती आमच्यापुढे ठेवी. आम्ही त्यास बाकावर उभे करीत असू. आता तेच आपण दगडावर कोरून देवापुढे ठेवणार काय? आपण म्हणाल, पैसा तर आपण दिला. खरे आहे. पैशावाचून कौले बदलत नाहीत, वीज येत नाही, जत्रेकरूंस पाणी मिळत नाही. मुंबईत व इतरत्र घाम गाळून आपल्या बांधवांनी पाठविलेल्या त्या पैशाची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. देणगीदारांची नावे अवश्य लावावीत. परंतु पावती ही पैसा पोहोचल्याची खूण आहे. चाकरी केल्याची नव्हे. त्या दोहोंची गल्लत आम्ही एकवीस वर्षे केली. ती सबंध ज्ञातीने करू नये, एवढ्याचसाठी आज हे बोलत आहो.

कोणी शंका काढील की, आज मान वाटून दिला, तर उद्या आपले काय उरेल? आमचे उत्तर असे. सप्ताहाचा पहारा एका वाडीने सोडला आणि दुसरीने धरला, तर भजन कोणाचे? गावाचे. भजन अखंड राहिले, यातच दोन्ही वाड्यांचे भूषण. मान वाटल्याने तुटत नाही. तो तुटतो काम सोडल्याने.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढील जत्रेपासून दिवटी त्या गृहस्थाच्या घराने धरावी व बुधली आमच्या घराने धरावी, आणि देवस्थानच्या वहीत दोन्ही घरांची नोंद शेजारी शेजारी व्हावी. आमच्या चिरंजीवांची यास संमती आहे. दुसरी, मंडळाने दर वर्षी निदान पाच तरुण मुले-मुली जत्रेपूर्वी दोन दिवस गावी धाडावीत. त्यांनी रांगेत उभे राहून दर्शन घेऊन परतू नये; केळीचे खांब आणावेत, पणत्या लावाव्यात, चिंध्या पिळाव्यात. तिसरी, कोणते काम कसे करतात हे जाणणारी जी वडीलधारी माणसे गावात आहेत, मग ती कोणत्याही ज्ञातीची असोत, त्यांच्यापाशी बसून मुलांनी ते शिकून घ्यावे. आम्ही वडिलांस विचारावयाचे राहून गेलो. आपल्या मुलांचे तसे होऊ नये.

त्या गृहस्थाकडून आम्ही आता पीळ घालण्यास शिकलो आहो. साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो, आणि मास्तर कडक भेटला. दिवटी कलती का धरावयाची, हेही त्याने सांगितले. सरळ धरली की वारा ज्योत अंगावर लोटतो आणि तापलेले तेल पालखीच्या भोयांच्या पायांवर ठिबकते. आपला उजेड दुसऱ्यास पोळू नये, म्हणून हात किंचित वाकवावा लागतो.