सीमेवरची माणसे आणि युरोपची जुळणी



आजवर मंडळाने मला बोलावले ते दमा, सांधेदुखी आणि मुलांची भूक यांवर बोलायला. यंदा शेजारी राष्ट्रांच्या एकत्र येण्यावर बोलतो म्हटल्यावर कार्यवाहांनी एकदा चष्म्यावरून पाहिले. राज्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण बेळगावात पस्तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्याला सीमा हा विषय टाळता येत नाही. माझ्या बाकावर चंदगडकडचा शेतकरी आणि बैलहोंगलकडची आजीबाई शेजारी शेजारी बसतात. आमच्या घरात आजोबा मराठी बोलत, आजी कानडी. बस्तीत दोन्ही चालत.

युरोपच्या एकीची गोष्ट सांगताना पॅरिस, बॉन, रोम अशी राजधान्यांची नावे घेतली जातात. ती घडवणाऱ्यांतले दोघे मात्र राजधानीचे नव्हते, आपल्यासारखे काठावरचे होते. पहिले रॉबेर शुमान, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री. जन्म 1886 चा, लक्झेंबर्गमधला. वडील लॉरेन प्रांतातले. तो प्रांत 1871 साली जर्मनीने घेतलेला, म्हणून मुलगा जन्माने जर्मन नागरिक. मेत्झ शहरात वकिली करत असताना पहिले महायुद्ध संपले, प्रांत फ्रान्सकडे परतला आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हे गृहस्थ गाव न सोडता फ्रेंच झाले.

दुसरे आल्चिदे दे गास्पेरी. घर इटालियन बोलणारे, पण ट्रेंटोचा तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात. विद्यार्थी असताना 1904 साली इन्सब्रुकमध्ये इटालियन भाषेतून कायद्याचे शिक्षण मिळावे म्हणून झालेल्या आंदोलनात ते सापडले आणि काही दिवस तुरुंगात बसले. 1911 मध्ये व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच माणूस इटलीचा पंतप्रधान होता.

9 मे 1950 रोजी शुमान यांनी जाहीर केले की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकाराखाली आणू. योजना मुळात झाँ मोने यांची. पुढच्या एप्रिलात सहा देशांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. यात भाबडेपणा नव्हता. लॉरेनच्या लोहखनिजाला रूरचा कोळसा हवा होता, आणि हरलेल्या जर्मनीला बरोबरीची खुर्ची. पण महत्त्वाचे ते पुढेच आहे. ज्या वस्तूंनी तोफा ओतल्या, ज्यांच्यावरून भांडण, त्याच वस्तू त्यांनी टेबलावर घेतल्या.

आता दे गास्पेरींकडे परत येतो, कारण त्यांच्यापुढे उलटे चित्र उभे राहिले. 1919 च्या तहाने सीमा आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीवर ठरली आणि बोल्झानोचा जर्मन बोलणारा मुलूख इटलीत आला. मुसोलिनीच्या राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावे बदलली. गावाचे नाव बदलले की काय वाटते, ते या सभागृहात मी सांगायला नको. तुलना मात्र मी तेवढ्यावरच थांबवतो. 1946 साली दे गास्पेरींनी ऑस्ट्रियाशी करार करून या लोकांना मातृभाषेतून शिक्षण आणि सरकारी कामात भाषेची बरोबरी कबूल केली. पण दोन वर्षांनी स्वायत्तता दिली ती बोल्झानो आणि ट्रेंटो एकत्र बांधून, म्हणजे प्रदेशात बहुमत इटालियनांचेच. ज्यांनी स्वतः अल्पसंख्याक म्हणून तुरुंग पाहिला, त्यांच्याच हातून हे झाले. मला ही गोष्ट फार टोचते. मनुष्य खुर्चीवर बसला की त्याला बाक दिसत नाही की काय?

ऑस्ट्रियाने 1960 मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. 1961 च्या जूनमध्ये विजेचे मनोरे बॉम्बने पाडले गेले. तोडगा निघाला तो 1972 च्या नव्या स्वायत्तता कायद्याने: बोल्झानो जिल्ह्याला स्वतःचे अधिकार, सरकारी नोकऱ्यांत भाषेनुसार वाटा, नोकरदाराला दोन्ही भाषांची परीक्षा. 1992 मध्ये दोन्ही देशांनी वाद मिटल्याचे कळवले, 1995 मध्ये ऑस्ट्रिया युरोपीय संघात आला, 1998 मध्ये ब्रेनरवरची तपासणी थांबली. रेघ 1919 ला होती तिथेच आहे. फाटक परत येऊ शकते हेही खरे. 2020 च्या साथीत तपासणी पुन्हा सुरू झालीच होती.

आपल्या दक्षिण आशियाचे थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. सार्कची स्थापना 8 डिसेंबर 1985 ला ढाक्यात झाली. सनदेतच लिहिले की निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेबाहेर. हेतू चांगला होता, बैठक तरी व्हावी. पण बाहेर ठेवलेले भांडण दारातच बसून राहिले. 2014 च्या काठमांडूनंतर शिखर बैठक झालेली नाही. पेशंट म्हणतो, डॉक्टर, घरचे विचारू नका, डोकेदुखीचे तेवढे द्या. देतो. महिन्याने तो परत येतो.

उलट भारत आणि बांगलादेश यांनी सार्कला बाजूला ठेवून सीमेचाच प्रश्न हाती घेतला. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेले 162 भूखंड अदलाबदल झाले, 111 भारताचे आणि 51 त्यांचे. करार 1974 चा होता. एकेचाळीस वर्षे तिथली माणसे वाट पाहत राहिली.

आपला प्रश्न राष्ट्रांचा नाही, एकाच देशातल्या दोन राज्यांचा आहे, हे मला कळते. रेघ हलावी ही मागणी मी सोडलेली नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकालाची वाट मीही पाहतो. पण बोल्झानोच्या लोकांनी रेघेचा प्रश्न लावून धरतानाच शाळा, नोकरी आणि कचेरीतला कागद यांचा हिशेब वेगळा मागितला, आणि तो मिळाला. आपण असा हिशेब कधी कलमवार लिहून काढला आहे का? मागच्या आठवड्यात एका आजोबांनी कचेरीतला अर्ज माझ्याकडे वाचायला आणला. कानडीत होता. मी वाचून दाखवला, त्यांनी सही केली, मराठीत. शेजारी बसलेल्या बैलहोंगलच्या आजीबाईंनी त्यांना विचारले, काय लिहिलंय म्हणून. तिलाही वाचता येत नव्हते.