परक्या शहरातले रिकामे दिवस

बिलोलीच्या श्रोत्यांना परका मुलूख नवा नाही. मांजरा नदी ओलांडली की पाट्यांवरची लिपीच बदलते. पण चित्रकाराला शिष्यवृत्ती देऊन दूरच्या शहरात नुसतं राहू देण्यानं साधतं काय? नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. आकृत्या त्यांच्या चित्रांतून आधीच गळाल्या होत्या, मग न्यूयॉर्कनं दिलं काय, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. शैली त्यांनी तिथून आणली नाही. मिळालं ते वेगळंच: मूळ चित्रांपुढे हवा तितका वेळ उभं राहण्याची मुभा, आणि अनोळखी गर्दीतला एकांत. एरवीही ते अबोलच, म्हणा. परतल्यावर काही वर्षांतच रोलर आणि सुरीनं रंगाचे थर चढवण्याची, खरवडण्याची त्यांची रीत पक्की झाली. हे सगळं प्रवासाचंच फळ म्हणणं धाडसाचं ठरेल. पण वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढणाऱ्याला ‘तिथं किती कॅनव्हास रंगवले?’ असं विचारणं म्हणजे पेरणीच्या आठवड्यातच खळ्यावर माप घेऊन बसणं. २०१४ साली त्याच न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हा गायतोंडे जाऊन तेरा वर्षं झाली होती.