बंदरावरचा ताठ कणा

मैत्रिणींनो, मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा आपली मासेविक्रेती कशी उभी असते? पाय रोवून, नजर थेट, हात वर. तीच बाई ग्रामसभेत भिंतीकडेला अंग चोरून, पदर सावरत बसते. तोंड उघडण्याआधीच शरीर सांगून टाकतं, ‘माझं काही म्हणणं नाही.’ हा तिचा स्वभाव नव्हे, लहानपणापासून लावलेलं वळण आहे. मलाही ते मोडावं लागलं.

१९९३ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पण खुर्चीच्या टोकावर बसून कारभार होत नाही. पुढच्या ग्रामसभेला सगळ्याजणी पहिल्या रांगेत बसू. बंदरावरचा आवाज आणि ताठ कणा, दोन्ही बरोबर नेऊ.