आंतरजालावरील बातमीदारी : विद्यार्थ्यांशी हितगुज



यंदा दहावीच्या वर्गात मी नेहमीचा प्रश्न विचारला : पुढे काय व्हायचे? डॉक्टर, इंजिनियर, पोलीस ही उत्तरे दरवर्षीचीच. परंतु चार हात नव्या उत्तरासाठी वर आले. "सर, पत्रकार. मोबाईलवरचा." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढून मराठीत ज्या व्यवसायाचा पाया घातला, त्याचीच ही नवी शाखा आहे. इथे छापखाना लागत नाही, कागद लागत नाही. म्हणून आत शिरणे सोपे, आणि चूक करणे त्याहून सोपे.

त्या चुकीविषयीच प्रथम बोलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा तेवढी मोबाईलवरून पसरली होती. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच सुमारास मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. तेथे मात्र एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले, आणि त्यांचे प्राण वाचले. असे दार उघडणारा माणूस प्रत्येक गावात वेळेवर भेटेलच असे नाही.

दूरची उदाहरणे कशाला, आमच्याच गावात काय झाले ते सांगतो. एका हौशी बातमीदाराने सायकलचोरीच्या संशयावरून पकडलेल्या मुलाचे छायाचित्र नावानिशी टाकले. मुलगा चौदा वर्षांचा. अल्पवयीन मुलाची ओळख प्रकट करणे हा बालन्याय कायद्याने गुन्हा आहे, हे त्या बातमीदाराला ठाऊक नव्हते. चार दिवसांनी सायकल मालकाच्या मेहुण्याकडेच सापडली! बातमी काढून टाकली, पण ती शेकडो मोबाईलांत जाऊन बसली होती. मुलाने शाळा सोडली ती सोडलीच. कबूल करतो, ती बातमी पुढे धाडणाऱ्यांत मीही होतो. बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक, आणि अंगठा एकदा दाबण्यापूर्वी क्षणभर थांबलो नाही. त्या मुलाच्या वडिलांना आजही रस्त्यात पाहिले की माझी मान खाली जाते.

तेव्हा पहिली सवय ही की, बातमी ज्याच्याविषयी आहे त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. फोन करावा, जमल्यास घरी जावे. छायाचित्र हाती आले तर ते पूर्वी कोठे आले होते काय, हे पाहण्याची सोय गुगलवर आहे. दोन मिनिटांचे काम. प्रतीक सिन्हा व महंमद झुबेर यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'ऑल्ट न्यूज'चे तर मुख्य कामच हे, खोट्या बातम्यांची चिरफाड करणे. त्यांच्या तपासण्या वाचा. निष्कर्षापेक्षा तेथवर ते कसे पोहोचले, याकडे लक्ष द्या.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी, कार्यालयात इंग्रजी. याची लाज कशाला? ही तर भाकरी मिळवून देणारी शिदोरी आहे. दोन्ही लिप्या वाचणारा बातमीदार ज्या घरांत आणि ज्या दप्तरांत शिरू शकतो, तेथे इतरांना दुभाषी लागतो. मात्र ऱ्हस्वदीर्घ सांभाळा आणि मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिका. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर गेला की त्याचा काला होतो. इनस्क्रिप्टची कळफलक-पद्धत महिनाभराच्या सरावाने हाताला बसते.

तिसरे साधन म्हणजे कागद. शासनाचे निर्णय संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचण्याइतके गणित तुम्हांला सातवीतच शिकविले आहे. जे मिळत नाही ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावे. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवस. "रस्ता का झाला नाही?" असे विचारू नये; "रस्त्याच्या कामाच्या आदेशाची व देयकांची प्रत द्यावी" असे लिहावे. कारण विचारले तर टोलवाटोलवी होते, कागद मागितला तर तो द्यावा लागतो. (निदान द्यावा असा कायदा आहे. न दिल्यास अपील करावे.)

मुलींना मुद्दाम सांगतो. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे पत्र बुंदेली बोलीत सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया पुष्कळ. पुढे त्याच स्त्रिया मोबाईल घेऊन खाणींत, पोलीस ठाण्यांत, प्रचारसभांत गेल्या. त्यांच्यावरील 'रायटिंग विथ फायर' या माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले. मोबाईल त्यांच्याकडेही साधेच होते. चित्रीकरणात चित्र थोडे हलले तर प्रेक्षक सोसतो, आवाज ऐकू आला नाही तर निघून जातो. म्हणून वाऱ्याकडे पाठ करा आणि बोलणाऱ्याच्या जवळ जा.

आता पैशाविषयी, कारण पालक तेच विचारणार. आरंभी प्राप्ती थोडी, कित्येक ठिकाणी शून्य. गळ्यात ओळखपत्र अडकवून दुकानदारांकडून 'जाहिरात' गोळा करणे ही पत्रकारिता नव्हे. त्या वाटेला गेलात तर मी तुम्हांला ओळख दाखविणार नाही. पदवी सोडू नका. कायदा, शेती, आरोग्य, शिक्षण यांपैकी एक विषय खोल शिका. ज्याला पाणीपुरवठ्याची योजना समजते, त्याचे लेखन मोठी दैनिकेही मागून घेतात.

आणि चूक झालीच, तर बातमी गुपचूप काढून टाकू नका. जेथे ती दिली तेथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती द्या, तारखेसह.

ते चार हात, आणि ज्यांनी संकोचाने हात वर केला नाही तेही, शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात या. येताना नगरपालिकेच्या एखाद्या सभेचे वृत्त दोनशे शब्दांत लिहून आणा. सोबत वृत्तात ज्यांची नावे घेतली, त्या प्रत्येकाशी केव्हा बोललात त्याची नोंद हवी. लाल पेन मी आणतो.